मागच्या ट्रॉलीचं चाक

ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि सायकलवरची नववीतली मुलगी यांचा वेग चढावर सारखाच असतो. आमच्या गावाकडून हायस्कूलला जाताना फाट्याच्या अलीकडं असा एक चढ आहे. चढ संपला की रस्त्याचे दोन होतात. सरळ गेलं की शाळा, डावीकडं वळलं की साखर कारखाना. नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की या चढावर रोज सकाळी दोन रांगा शेजारी शेजारी चालायच्या. डाव्या कडेला आमच्या गावच्या सात मुली. त्यांच्या उजव्या हाताला ट्रॅक्टर, त्याच्यामागं ट्रॉली, त्या ट्रॉलीमागं आणखी एक ट्रॉली, आणि दोन्हींतून हातभर बाहेर आलेला ऊस. चालत्या ट्रॉलीतून कांडं ओढून काढायचं आणि फाटा यायच्या आत सोलून खायचं, यात मुलीही मागं नव्हत्या. ड्रायव्हरला उसामुळं मागचं दिसायचं नाही आणि टेपमुळं ऐकू यायचं नाही.

त्या सात जणींत माझी धाकटी बहीण होती. मी तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, आणि मला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा राग येत होता.

हा राग घरचाच होता. अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, सायकलचं दुकान. पंक्चर, ऑइलिंग, जुन्या सायकलींचे भाग जोडून नवी सायकल उभी करणं. सातही मुलींच्या सायकली त्यांच्याच हातच्या. पण दुकानात ट्यूब कमी आणि पत्रकं जास्त. हुंड्याविरुद्ध, भोंदू बाबांविरुद्ध, धरणाच्या पाण्याच्या वाटपावर, दुधाच्या भावावर. कुणी कुठंही मोर्चा काढला की उरलेली पत्रकं आमच्याकडं यायची, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही बहिणी गणितं सोडवायचो. एका बाजूला हुंडाबंदी, दुसऱ्या बाजूला नऊचा पाढा. गोष्टीची पुस्तकं आमच्या घरात पुष्कळ उशिरा आली. तोवर मला वाटायचं की छापलेलं वाक्य म्हणजे कुणाला तरी जाब विचारणारं वाक्य.

त्या हंगामात एका सकाळी ट्रॉलीतल्या उसाचं टोक माझ्या बहिणीच्या भुवईला लागलं. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. ती कपाळावर हळद दाबून घरी आली आणि मी एका बैठकीत माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘रस्ता कुणाच्या बापाचा?’ मागण्या सहा. फाट्यावर गतिरोधक, ट्रॉलीला मागं लाल दिवे, बाहेर आलेला ऊस छाटणं, असं बरंच. आणि शेवटी मुलींसाठी ठळक अक्षरांत: ‘मुलींनो, आपल्या डाव्या कडेने चला. शेजारी ट्रॅक्टर आला म्हणून थांबू नका, मागे हटू नका. सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला!’

नारायणगावात एक जुना छापखाना होता, अजून खिळे जुळवून छापणारा. मालकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “ताई, माझ्याकडं उद्गारचिन्हाचे खिळे एवढे नाहीत. निम्मे कमी करा, नाहीतर निम्म्यांना साधं टिंब देतो.”

“मागण्यांपुढं टिंबं द्या,” मी म्हणाले. “शेवटची ओळ तशीच ठेवा.”

पत्रक मी स्वतः वाटलं. दूध डेअरीवर, फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर, आणि ट्रॅक्टर थांबवून ड्रायव्हरांच्या हातात. एका ड्रायव्हरनं ते स्टेअरिंगवर धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तो आळे गावाकडचा होता, तिशीचा असेल. वाचून हसला आणि म्हणाला, “लई झ्याक लिवलंय, ताई. पन येवढं वाचत बसलो तर ट्रॅक्टर कोन चालवनार?” टपरीवरचे सगळे हसले. मी त्याला म्हणाले की वाचता येत असूनही जो सुधारत नाही तो जास्त दोषी. तो पुन्हा हसला, पण या वेळी त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

मुलींना ती शेवटची ओळ पाठ झाली. चढावर त्या ती एका सुरात म्हणायच्या.

संक्रांतीच्या आधी अपघात झाला. मी दुपारच्या एस.टी.नं उतरले तेव्हा दुकानापुढं गर्दी होती आणि पायरीवर एक सायकल आडवी टाकलेली होती. मागच्या चाकाचा पिळून इंग्रजी आठ झालेला, दप्तराचा बंद चेनमध्ये गुंतलेला. सायकल माझ्या बहिणीची नव्हती, त्या सात जणींतल्याच तिच्या मैत्रिणीची होती. हे कळल्यावर मला जी सुटका वाटली तिची लाज मला अजून आहे.

झालं होतं असं. फाट्यावर ट्रॅक्टर डावीकडं वळला. मैत्रीण त्याच्या डाव्या अंगाला होती, सरळ निघालेली. मागच्या ट्रॉलीनं तिला कडेच्या चरात लोटलं आणि चाक सायकलीवरून आणि तिच्या पायावरून गेलं. गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलं होतं. जीव वाचला होता. लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढलं, तो तोच, माझं पत्रक वाचणारा. दोन-चार तडाखे खाऊन तो पोलिसांच्या जीपमध्ये बसला.

त्याच संध्याकाळी डेअरीवर, दूध घालायला आलेल्या बापांनी कॅन खाली न ठेवताच निर्णय घेतला. मुलींनी सायकलवर जायचं नाही. एस.टी. सकाळी सहाला आणि मग थेट बारानंतर. चालत जायचं तर दीड तास. म्हणजे मुलींनी शाळेत जायचंच नाही, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो तिथल्या प्रत्येकाला कळत होता. मैत्रिणीचे वडील मधे उभे होते. बोलणारे दुसरे होते.

“धावीला फारम भरू की बाहेरनं. घरी बसून अभ्यास व्हतो.”

“पोर जित्ती ऱ्हायली तर फारम भरशील ना, राव!”

मी मधे घुसून म्हणाले की गुन्हा ट्रॅक्टरचा आणि शिक्षा मुलींना, हा कुठला न्याय? एक जण म्हणाला, “तू पत्रक काढलंस ना पोरी? काय झालं त्यानं?” मी उत्तर दिलं, पुष्कळ मोठं दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही.

घरी येऊन दुसऱ्या पत्रकाला बसले. ‘खुनी वाहतूक’ असा मथळा. अण्णा म्हणाले, “उद्याच छापून आण.” पण दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कागद पिशवीत घालायचा आणि काढायचा. बहीण घरी होती. ती शाळेत जात नव्हती, अभ्यास करत नव्हती, दुकानात बसून जुन्या स्पोकांच्या टोकांवरचे बारीक नट सोडवून डब्यात टाकत होती. कुणी सांगितलं नसताना. दिवसभर तो डबा खुळखुळत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवायला गेले तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “अक्का, ती थांबनार व्हती.”

“कोण?”

“तीच. ट्रॅक्टर उजवीकडं गेला आदी. आमाला वाटलं, ह्यो सरळ चाललाय. मग वळाया लागला. तिनं ब्रेक दाबला व्हता. मी मागनं वरडले, थांबायचं नाय, पत्रकात लिवलंय. तिनं ब्रेक सोडला.”

डबा तिच्या हातातच होता. मी तो काढून घेतला. मी जन्मभर वाक्यांवर वाढले होते, आणि त्या क्षणी मला एकही वाक्य सापडलं नाही जे तिच्या उपयोगाचं होतं. तू ओरडलीस, पण ओळ माझी होती, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी सायकल काढली आणि निघून गेले.

कारखान्याच्या यार्डात, जिथं ऊस रिकामा करायला ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, तिथं मी आठवडाभर रोज चक्कर मारत होते. गुन्हा नोंदला गेला होता आणि तो ड्रायव्हर जामिनावर सुटून परत कामावर येणार असं टपरीवर कळलं होतं. आठव्या दिवशी तो सापडला. ट्रॉलीच्या सावलीत बसला होता. मला पाहून उठला. त्याला वाटलं, मी पुन्हा पत्रक घेऊन आलेय.

“ताई, काय लिवायचं ते लिवा. मी नाय म्हननार नाय.”

“तुम्ही आधी उजवीकडं का गेलात?”

त्यानं ट्रॅक्टरच्या सीटवरची धूळ झटकली. मग म्हणाला, “बसा वर.” मी ट्रॅक्टरच्या सीटवर चढले. “आता मागं बघा.”

मागं ऊस होता. फक्त ऊस. पहिल्या ट्रॉलीच्या पलीकडं दुसरी ट्रॉली आहे हे मला माहीत होतं म्हणूनच ती होती.

खाली उतरल्यावर त्यानं धुळीत बोटानं वळण काढलं. “पुढचं चाक जातं त्या वाटंनं मागचं जात नाय. मी वळलो की पयली ट्रॉली आत येती. दुसरी तिच्याबी आत. रस्ता सोडून मातीवर येती. म्हनून मी आदी उजवीकडं झोका घेतो, मग डावीकडं मारतो. न्हाय घेतला झोका तर मागची ट्रॉली चरातच जाईल.”

“मग हात का नाही दाखवला?”

“डावीकडं वळाया?” त्याला खरोखर नवल वाटलं. “उजवीकडं वळताना समोरनं गाडी येती, तवा हात दाखवायचा. डावी तर आपलीच बाजू हाय. आपल्या बाजूला जायाला कुनी हात दाखवतं का?”

मी त्या रस्त्यावर वाढले होते. आणि त्या क्षणी मला जाणवलं की मी डावीकडं वळणाऱ्या ट्रॅक्टरचा हात कधीच पाहिलेला नाही. आमच्या सगळ्या पट्ट्यात ही रीतच होती. डावी बाजू ड्रायव्हरला आपली वाटत होती. मी पत्रकात लिहिलं होतं की ती मुलींची आहे. ज्या दोन हात जागेत मागची ट्रॉली येते, तिथंच मी सात मुलींना ठळक अक्षरांत उभं केलं होतं आणि वर सांगितलं होतं, हलू नका.

“माझं पत्रक तुम्ही पूर्ण वाचलं होतं,” मी म्हणाले. “शेवटची ओळसुद्धा.”

“व्हय.”

“तेव्हाच कळलं होतं का, की हे चुकलंय?”

त्यानं धुळीतली रेघ पायानं पुसली. “कळलं व्हतं. पन तुमी पत्रकवाले. तुमच्यासंगं कोन बोलनार? बोलाया पायजे व्हतं. हसलो नुसता.”

मला अजूनही त्याचा राग येतो. माझा जास्त येतो, पण त्याचाही येतो.

घरी अण्णा मैत्रिणीची सायकल उलटी टांगून नवी रिम बसवत होते. मी सांगितलं की दुसरं पत्रक काढायचं नाही, पहिलं चुकलं म्हणून सांगायचं आहे. त्यांनी पाना खाली ठेवला नाही.

“पयली चूक त्यांची. हात दाखवला नाय. टेप बंद नाय. शेजारी पोरी हायेत का बघितलं नाय.”

“हो. आणि एक माझी.”

“लोक काय म्हनतील कळतंय का? ह्यांचं एक पत्रक चुकलं, मग हुंड्याचं बरोबर कशावरनं? धरनाच्या पान्याचं बरोबर कशावरनं? वीस वर्सं लोक आमाला हसायला टपल्यात.”

मी फक्त एवढंच म्हणाले की आपण गप्प बसलो तर धाकटी जन्मभर समजत राहील की तिनंच मैत्रिणीचा पाय मोडला. तिनं मला काय सांगितलं तेही सांगितलं. अण्णांनी चाक फिरवलं आणि ते थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “कागदावर नगं. कागदावर कुनाला दिसनार नाय. फाट्यावर दाव.”

कबड्डीच्या मैदानाच्या रेघा मारायची फक्की शाळेच्या खोलीत होती. त्यातलं एक पोतं अण्णांनीच मागून आणलं. ड्रायव्हर यायला तयार नव्हता.

“मारत्याल मला.”

“मी पुढं उभी राहते.”

“पुढंच ऱ्हावा,” तो म्हणाला. “मागं नगं.”

रविवारी सकाळी डेअरी आटोपल्यावर सहा-सात बाप आणि वीस-पंचवीस रिकामे लोक फाट्यावर जमले. मैत्रिणीचे वडील सगळ्यांच्या मागं, रिकामा कॅन हातात धरून. आम्ही डाव्या वळणावर डांबराच्या मधल्यापासून चरापर्यंत फक्की पसरली. पांढरीशुभ्र जमीन बघून कुणीतरी ओरडलं, “काय राव, ट्रॅक्टरची कबड्डी लावली का?” हसण्यातच मी माझी सायकल उचलून नेली आणि डाव्या कडेला, डांबर संपतं तिथं, स्टँडवर लावली. पत्रकात सांगितलं होतं बरोबर तिथं.

ड्रायव्हर रिकाम्या ट्रॉल्या घेऊन आला. टेप बंद होता. उजवीकडं झोका घेतला, तेव्हा एक जण म्हणाला, “चालला की सरळ.” मग तो डावीकडं वळला. पुढचं चाक सायकलीपासून चांगलं आठ हात लांबून गेलं. लोक निर्धास्त होते. पहिली ट्रॉली जवळ आली. दुसरी ट्रॉली हळूहळू रस्ता सोडून मातीवर आली, आणि तिचं चाक सायकलीचं मागचं चाक दाबून, तिला आडवी पाडून पुढं गेलं. स्पोक तुटल्याचा आवाज झाला. हसायचं सगळ्यांचं बंद झालं.

फक्कीत तीन वाटा उमटल्या होत्या, एकीच्या आत एक. सर्वांत आतली चराच्या काठाला लागलेली.

मी पत्रक काढून शेवटची ओळ वाचली. मोठ्यानं. मग म्हणाले, “ही ओळ मी लिहिली. मुलींना मी इथं उभं केलं. त्या दिवशी ती थांबणार होती, माझी ओळ आठवून थांबली नाही. कुणाही मुलीची यात चूक नाही.”

बहीण अण्णांच्या शेजारी उभी होती. तिच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

लोक बोलायला लागले, एकदम सगळे. पत्रकवाल्यांची जिरली म्हणून एक आवाज आला, आणखी काय काय आलं. मैत्रिणीचे वडील पुढं आले. कॅन खाली ठेवला. खाली बसून त्यांनी आतल्या वाटेवर बोट टेकवलं आणि ड्रायव्हरला विचारलं, “मग पोरींनी कुटं थांबायचं?”

“माज्या मागं. पार मागच्या ट्रॉलीच्या मागं. शेजारी नगं, कदीच नगं.”

“आणि तुम्ही?” मी म्हणाले. गप्प बसणं मला तेव्हाही जमलं नाही. “थांबायचं फक्त मुलींनी का? सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला, हे अजून खरं आहे. तो तुम्ही तुडवायचा आणि आम्ही मागं सरायचं?”

“गप, बाई,” कुणीतरी म्हणालं. पण मैत्रिणीचे वडील म्हणाले, “इचारू द्या तिला.”

ड्रायव्हर आतल्या वाटेपर्यंत चालत गेला आणि परत आला. शेवटी म्हणाला, “डावीकडं वळतानाबी हात दावू. चढाला टेप बंद. वळायच्या आदी ट्रॅक्टर हुबा करू, शेजारी कोन असंल तर जाऊ देऊ, मग वळू. माजं मी सांगतो. बाकीच्यांना यार्डात सांगंन. ऐकत्याल न ऐकत्याल.”

“न ऐकनाऱ्याचा नंबर आमाला द्या,” अण्णा म्हणाले. “त्याच्या नावानं पत्रक काढू.” तेव्हा मात्र सगळे हसले, ड्रायव्हरसुद्धा.

बुधवारपासून चार मुली परत सायकलवर जायला लागल्या, माझी बहीण त्यांत होती. एकीचं लग्न ठरवलं होतं, ती आलीच नाही. आणखी एकीचे वडील पुढच्या जूनपर्यंत तयार झाले नाहीत. हंगाम संपेपर्यंत मी सहाची एस.टी. सोडून रोज आधी फाट्यावर उभी राहत होते आणि मग मिळेल त्या गाडीनं कॉलेजला जात होते. काही ड्रायव्हर हात दाखवायचे. काही मला बघून दाखवायचे. एक जण रोज टेपचा आवाज वाढवून जायचा. सहा मागण्यांपैकी गतिरोधक तेवढा झाला, तोही चार वर्षांनी आणि चुकीच्या जागी, वळणाच्या पलीकडं.

मैत्रिणीच्या घरी मी दोनदा जाऊन दारातून परत आले. तिसऱ्यांदा आत गेले. तिनं प्लास्टरवर पेननं भूगोलाचा नकाशा काढला होता. मी माफी मागायला लागले तर ती म्हणाली, “अक्का, आदी माजी सायकल झाली का ते सांग.”

परीक्षा एप्रिलमध्ये होती आणि हंगाम अजून संपला नव्हता. पहिल्या पेपरच्या दिवशी तिचे वडील तिला कॅरिअरवर बसवून सायकल हातानं ढकलत घेऊन निघाले. ती सायकल अण्णांनी दुरुस्त केली होती. तिचा पाय पुढं ताठ, कुबडी दांडीला बांधलेली. चढावर मी त्यांना गाठलं आणि मागून कॅरिअर धरून ढकलायला लागले. पुढं एक ट्रॅक्टर होता. फाट्याजवळ तो थांबला. ट्रॅक्टर ओळखीचा नव्हता, ड्रायव्हरचा डावा हात बाहेर दिसला नाही. शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं होती आणि सरळ रस्ता मोकळा पडला होता.

“काका, जाता येईल,” मी म्हणाले. “तो थांबलाय. आपला हक्क आहे.”

त्यांनी सायकल मागच्या ट्रॉलीच्या मागंच धरून ठेवली. “हाय की,” ते म्हणाले. “पन त्याला म्हायती हाय का, ते बघून ये आदी.”

मी सायकल सोडून उजव्या बाजूनं पुढं पळत गेले, ड्रायव्हरच्या समोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. त्यानं मला बघितलं. मग मागं वळून मी त्यांना या म्हणून खूण केली.